एका कॅसेटमधले ९९९९ खेळ

व्हिडिओ गेमचा इतिहास म्हटलं की जपान आणि अमेरिका ही दोन नावं पुढे येतात. ते योग्यच आहे, कारण यंत्रं तिथे घडली. पण कुठल्याही वस्तूचा एक इतिहास ती घडवणाऱ्यांचा असतो आणि एक ती वापरणाऱ्यांचा. आज मी दुसऱ्या प्रकारचा इतिहास सांगणार आहे, आणि तो पुण्याच्या पेठांमधला आहे. १९९० नंतरच्या दहा-बारा वर्षांत आम्ही मुलं जे व्हिडिओ गेम खेळलो ते, थोडे अपवाद सोडले तर, नकली होते. यंत्र नकली, त्यातली कॅसेट नकली, पुढे आलेल्या सीडीही नकली. एका अख्ख्या पिढीची एका नव्या कलेशी ओळख चोरीच्या मालातून झाली, ही गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी आहे. त्या चोरीत नेमकं काय चोरीला गेलं, याचा हिशेब मात्र अजून कुणी मांडलेला दिसत नाही. तो मांडण्याचा हा प्रयत्न.

आधी शब्दाबद्दल. ज्या प्लास्टिकच्या चपट्या डबीत खेळ असतो तिचं खरं नाव कार्ट्रिज. आपल्याकडे गाण्यांची कॅसेट होती, व्हीसीआरवर लावायची सिनेमाची कॅसेट होती, म्हणून ही झाली गेमची कॅसेट. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत रेडिओचे सुटे भाग, वायरी आणि ट्रान्झिस्टर यांच्या शेजारी ही पिवळी डबी येऊन बसली. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी ती सेकंडहँड मिळायची. घरी आणली की टीव्हीच्या मागची अँटेनाची वायर काढायची, तिथे गेमची वायर खुपसायची आणि चित्र सापडेपर्यंत चॅनल फिरवत बसायचं. चित्र आलंच नाही तर कॅसेट बाहेर काढून तिच्या तोंडात फुंकर मारायची. खरं तर फुंकरीनं काही होत नसे. कॅसेट काढून पुन्हा घातल्यामुळे आतल्या धातूच्या पट्ट्या नीट टेकत आणि श्रेय फुंकरीला मिळे. उलट तोंडातल्या दमटपणानं त्या पट्ट्या गंजतात. पण ही फुंकर टोकियोतली, न्यूयॉर्कमधली आणि नारायण पेठेतली मुलं सारख्याच विश्वासानं मारत होती.

वाड्यातल्या मोठ्या माणसांचा विश्वास वेगळा होता. गेम खेळल्यानं टीव्हीची पिक्चर ट्यूब जाते, असं ती ठामपणे सांगत. एकच स्थिर चित्र तासन्‌तास राहिलं तर जुन्या ट्यूबवर डाग पडू शकतो, एवढंच त्यात तथ्य होतं. पण टीव्ही ही घरातली सर्वांत महागडी वस्तू असताना कोण धोका पत्करणार? त्यामुळे खेळायची वेळ ठरलेली असे: दुपारी, पाहुणे नसताना, आणि परीक्षा संपल्यावर.

या यंत्राचं मूळ जपानमध्ये आहे. निन्टेंडो कंपनीनं १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिकॉम’ नावाचं यंत्र बाजारात आणलं. फॅमिली आणि कॉम्प्युटर या दोन शब्दांचा तो जोड. मासायुकी उएमुरा या अभियंत्याच्या नेतृत्वाखाली ते तयार झालं. काम करताना वापरायची त्याची स्मृती फक्त दोन किलोबाइट होती. आज मोबाइलवर काढलेला साधा फोटोसुद्धा त्याच्या हजारपट भरतो. १९८५ मध्ये हेच यंत्र वेगळ्या खोक्यात घालून अमेरिकेत नेलं, तेव्हा कंपनीनं त्यात एक कुलूप बसवलं. यंत्रात एक चिप आणि कॅसेटमध्ये तिची जोडीदार चिप. दोघींच्या खुणा जुळल्या तरच खेळ सुरू व्हायचा. जपानमधल्या मूळ यंत्राला मात्र हे कुलूप नव्हतं. तैवानमधल्या कारखान्यांनी नक्कल केली ती या बिनकुलपाच्या यंत्राची. पुढे तर सगळं यंत्र एकाच चिपमध्ये मावू लागलं. असा नकली गेम उघडला की आत एक छोटी पट्टी आणि तिच्यावर डांबराच्या थेंबासारखा एक काळा ठिपका दिसे. तो ठिपका म्हणजेच संपूर्ण फॅमिकॉम. रशियात तो ‘डेंडी’ या नावानं विकला गेला. आपल्याकडे खोक्यांवर ‘लिटल मास्टर’, ‘टर्मिनेटर’ अशी नावं असत. मूळ जपानी नाव आमच्यापैकी कुणाच्या कानावरसुद्धा आलं नव्हतं.

मग अस्सल यंत्रं आपल्याकडे आलीच नाहीत का? काही आली. १९९५ मध्ये निन्टेंडोची प्रतिस्पर्धी कंपनी सेगा हिनं शॉ वॉलेस या मद्यनिर्मितीसाठी प्रसिद्ध असलेल्या कंपनीशी हातमिळवणी करून आपलं ‘मेगा ड्राइव्ह’ भारतात आणलं. तयार यंत्र आयात केलं तर त्यावर ८० टक्के जकात होती, ती टाळण्यासाठी ही भागीदारी होती. तरीही किंमत होती १८,००० रुपये. त्या काळच्या कारकुनाचा तो कित्येक महिन्यांचा पगार. नकली फॅमिकॉम त्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा कमी पैशांत मिळत होता. ज्याच्याकडे टीव्ही आहे, पण अठरा हजार नाहीत, अशा माणसासाठी बाजारात एकच माल होता. नक्कल आपल्याकडे का रुजली याचं बरंचसं उत्तर या किमतीत आहे.

आता त्या ९९९९ खेळांकडे येऊ. कॅसेटच्या कागदावर हा आकडा मोठ्या अक्षरात छापलेला असे. कॅसेट लावली की टीव्हीवर यादी येई आणि ती संपतच नसे. पण थोड्याच दिवसांत लक्षात येई की खरे खेळ आहेत तीस-चाळीस, आणि तेच पुन्हापुन्हा येताहेत. पहिल्या क्रमांकावर मारिओ पहिल्या टप्प्यापासून सुरू होई, एकशेसाठाव्या क्रमांकावर तोच मारिओ तिसऱ्या टप्प्यापासून, आणखी पुढे तोच तीन ऐवजी नऊ जीव घेऊन. कॅसेट बनवणाऱ्यानं मूळ खेळाला हात न लावता, सुरू होताना स्मृतीत कोणता आकडा भरायचा एवढंच बदललेलं असे. हे जमलं, कारण मूळ खेळ थक्क करावेत इतके लहान होते. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा अख्खा खेळ, त्यातले ३२ टप्पे, चित्रं आणि संगीत धरून, ४० किलोबाइटमध्ये बसतो. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी त्यात इतकी काटकसर केली आहे की आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप ही एकच आकृती आहे, फक्त रंग निराळा.

संगीताचा विषय निघालाच आहे, तर रेडिओच्या श्रोत्यांना आवडेल अशी एक गोष्ट सांगतो. मारिओची ती प्रसिद्ध धून कोजी कोंडो यांची. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं २०२३ मध्ये तिला राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या यादीत घेतलं. व्हिडिओ गेमच्या संगीताला मिळालेला हा तिथला पहिला मान. पण भारतातल्या मुलांनी ऐकलेली धून आणि जपानी मुलांनी ऐकलेली धून यांत फरक होता. जपानी टीव्हीवर सेकंदाला ६० वेळा चित्र उमटतं, आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या टीव्हीवर ५० वेळा. या खेळांत मारिओचं धावणं आणि संगीताची लय दोन्ही या उमटण्याला बांधलेली होती. पाल पद्धतीसाठी बनवलेल्या नकली यंत्रांत तेच खेळ तसेच्या तसे चालवले जात. त्यामुळे सगळं काही सहाव्या हिश्शानं सावकाश व्हायचं, सूर तेच पण लय विलंबित. आमच्या पिढीतल्या अनेकांना आज अस्सल धून ऐकताना ती घाईत वाजवल्यासारखी वाटते, ती यामुळे.

इथपर्यंतची गोष्ट गमतीची आहे. आता हिशेबाकडे वळतो.

नकली कॅसेट बनवणारे खेळाचं पहिलं पान बदलत. त्या पानावर तळाशी बारीक अक्षरात वर्ष आणि कंपनीचं नाव असे. ते पुष्कळदा खरवडून टाकलेलं असे. खेळाचं नावही कधीकधी बदललेलं असे. परिणाम असा, की ‘टँकवाला गेम’ आम्ही शेकडो तास खेळलो, पण तो नाम्को कंपनीचा १९८५ चा ‘बॅटल सिटी’ आहे हे आम्हाला खूप पुढे कळलं. ‘कॉन्ट्रा’मध्ये तीस जीव मिळवण्याची किल्ली तर प्रत्येक गल्लीत तोंडपाठ होती: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. पुण्यातल्या मुलांपर्यंत ती कुठल्याही मासिकाशिवाय, इंटरनेटशिवाय, एका मुलाकडून दुसऱ्या मुलाकडे तोंडी आली. ही किल्ली काझुहिसा हाशिमोतो या कोनामी कंपनीतल्या माणसाची. १९८६ मध्ये ‘ग्रेडियस’ या खेळाची फॅमिकॉमसाठी आवृत्ती करताना तपासणीसाठी तो पुन्हापुन्हा खेळावा लागे, आणि तो त्यांना स्वतःलाच जमत नसे. म्हणून त्यांनी आपल्या सोयीसाठी ही पळवाट ठेवली आणि ती काढायची राहून गेली. पुढे कंपनीनं तीच ‘कॉन्ट्रा’त वापरली. हाशिमोतो २०२० मध्ये वारले. त्यांची किल्ली आम्हाला पाठ होती, त्यांचं नाव नव्हतं.

हा दोष फक्त नकलाकारांच्या माथी मारता येणार नाही. नावं पुसण्याचं काम अस्सल कंपन्यांनीही केलं. अमेरिकेतल्या अटारी कंपनीनं सत्तरच्या दशकात खेळ लिहिणाऱ्यांची नावं खोक्यावर छापायला नकार दिला होता. वॉरन रॉबिनेट या प्रोग्रॅमरनं ‘ॲडव्हेंचर’ हा खेळ केला, तेव्हा त्यानं कुणाला न सांगता आत एक गुप्त खोली बांधली. जवळपास न दिसणारा एक ठिपका उचलून नेला तर त्या खोलीत शिरता येई, आणि तिथे लिहिलेलं असे की हा खेळ वॉरन रॉबिनेटनं केला आहे. १९८० मध्ये खेळ बाजारात आला, तोवर तो नोकरी सोडून गेला होता.

दुसरं उदाहरण आपल्या जास्त ओळखीचं आहे. दोन सेलवर चालणारा, हातात मावणारा ‘ब्रिक गेम’ पुण्यात तुळशीबागेपासून एसटी स्टँडपर्यंत सगळीकडे मिळत असे. त्याच्यावरही ९९९९ चा आकडा असेच. आत मुख्यतः एकच खेळ होता: वरून पडणाऱ्या विटा ओळीत बसवण्याचा. तो म्हणजे ‘टेट्रिस’. मॉस्कोतल्या सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सी पाजित्नोव यांनी तो १९८४ मध्ये तयार केला. १९८९ मध्ये निन्टेंडोनं ‘गेम बॉय’ हे हातातलं यंत्र आणलं आणि अमेरिकेत त्याच्यासोबत टेट्रिस दिला, तेव्हा तो जगभर गेला. पण हक्क सोव्हिएत सरकारकडे होते. पाजित्नोव यांना स्वतःच्या खेळाचं मानधन मिळू लागलं ते १९९६ पासून, म्हणजे तब्बल बारा वर्षांनी. तुळशीबागेतल्या ब्रिक गेमनं त्यांना काही दिलं नाही हे खरं, पण पहिली बारा वर्षं अस्सल प्रतीनंही त्यांना काही दिलं नव्हतं.

मराठी माणसाला ही नावाची गोष्ट चटकन समजायला हवी. आपल्या संतांच्या अभंगात शेवटच्या चरणात कवीचं नाव गुंफलेलं असतं. तिला नाममुद्रा म्हणतात. छापखाना नव्हता तेव्हा अभंग एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरवला जाई, एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाई. परवानगीचा प्रश्न नव्हता, पैशाचा तर नव्हताच. पण नाव रचनेच्या आतच विणलेलं असल्यामुळे हजारवेळा उतरवलं तरी ते सुटून पडत नसे. संताजी जगनाडे यांनी तुकोबांचे अभंग उतरवून ठेवले, म्हणून आपण आजही त्यांच्याकडे ऋणी भावनेनं पाहतो. त्यांना कुणी नक्कल करणारा म्हणत नाही. आपल्या भाषेत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. पोथीची असते ती प्रत, आणि बाजारात असते ती नक्कल. दोन्हींत मूळ वस्तू पुन्हा तयार होते. प्रत करणारा मूळ कुणाचं आहे ते सांगतो, नक्कल करणारा लपवतो. रॉबिनेटची ती गुप्त खोली म्हणजे एका प्रोग्रॅमरनं स्वतःसाठी केलेली नाममुद्राच होती. पहिल्या पानावरचं नाव खरवडता येतं, खेळाच्या आत बांधलेली खोली सहज पाडता येत नाही.

पुढे संगणक आला. शाळांत आणि क्लासमध्ये ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ फ्लॉपीवरून पसरला. जॉर्डन मेकनर या तरुणानं १९८९ मध्ये तो केला. आपल्या धाकट्या भावाला पळताना, उड्या मारताना चित्रित करून त्या चौकटींवरून त्यानं राजपुत्राच्या हालचाली रेखाटल्या, म्हणून तो इतका खराखुरा धावतो. या खेळाला मजेदार कुलूप होतं. पहिला टप्पा संपला की एका दालनात अनेक कुप्या मांडलेल्या असत. सोबतच्या पुस्तिकेत अमुक पानावर, अमुक ओळीत कोणतं अक्षर आहे ते पाहून नेमकी कुपी प्यायची. चुकलात तर शिक्षा. आपल्याकडे पुस्तिका कुणाकडेच नसे. पण कुणा अज्ञात माणसानं हे दार आधीच उचकटलेल्या प्रती फिरत असत.

मग सीडी आल्या आणि सोनीचं प्लेस्टेशन आलं. जपानमध्ये ते ३ डिसेंबर १९९४ रोजी निघालं होतं. त्याच्या अस्सल सीडीच्या सुरुवातीच्या भागात खाच मुद्दाम किंचित नागमोडी केलेली असे आणि त्या नागमोडीत काही अक्षरं लपवलेली असत. घरच्या संगणकावर काढलेल्या सीडीत ही नागमोड येत नाही. म्हणून दुकानदार यंत्र उघडून आत एक छोटी चिप डाखत. ती चिप यंत्राच्या कानात तीच अक्षरं सांगत राही. ‘चिप टाकलेलं’ यंत्र ही तेव्हा विक्रीची जाहीर खूण होती. गिऱ्हाईकही आधी तेच विचारत असे, कारण चिप असेल तर पुढे प्रत्येक खेळ शे-दीडशे रुपयांत.

याच सुमारास जगात आणखी एक गोष्ट घडत होती, तिला इम्युलेशन म्हणतात. सोपं करून सांगायचं तर हा यंत्रांमधला बहुरूपी. बहुरूपी पोलिसाचं सोंग इतकं हुबेहूब आणतो की दुकानदार क्षणभर दचकतो. तसा इम्युलेटर हा प्रोग्रॅम संगणकाला जुन्या यंत्राचं सोंग घ्यायला लावतो. खेळाला वाटतं आपण फॅमिकॉमवरच आहोत. १९९७ च्या फेब्रुवारीत निकोला साल्मोरिया या इटालियन तरुणानं पार्लरमधल्या मोठ्या यंत्रांसाठी ‘मेम’ हा इम्युलेटर प्रसिद्ध केला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फॅमिकॉमचा ‘नेस्टिकल’ आला. सायबर कॅफेतून फ्लॉपीवर घेऊन तो आम्ही घरी आणला. सगळी कॅसेट एका फ्लॉपीत, आणि उरलेल्या जागेत आणखी दहा खेळ.

हे कायदेशीर आहे का, असा प्रश्न नेहमी येतो. त्याची दोन उत्तरं आहेत, कारण प्रश्नच दोन आहेत. सोंग घेणं हा एक प्रश्न. सोनीनं कनेक्टिक्स या कंपनीला प्लेस्टेशनचा इम्युलेटर केल्याबद्दल न्यायालयात खेचलं, तेव्हा २००० साली अमेरिकेच्या अपील न्यायालयानं कनेक्टिक्सच्या बाजूनं निकाल दिला. दुसऱ्याचं यंत्र उलगडून पाहून, स्वतःचा प्रोग्रॅम लिहून तेच काम करणं हा गुन्हा नव्हे, असं त्याचं सार. खेळाची प्रत हा मात्र दुसरा प्रश्न. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. १९८४ मध्ये संगणकाचे प्रोग्रॅम त्यात आले. १९९४ च्या दुरुस्तीनं दोन गोष्टी केल्या. ज्याच्याकडे अस्सल प्रोग्रॅम आहे त्याला नुकसानीपासून बचावासाठी राखीव प्रत काढायची मुभा दिली, आणि जाणूनबुजून चोरीचा प्रोग्रॅम संगणकावर वापरणाऱ्याला किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. कुलूप फोडण्याचा भाग आला की प्रकरण आणखी गंभीर होतं. निन्टेंडोच्या तेव्हा चालू असलेल्या यंत्राचा इम्युलेटर करणाऱ्या ‘युझू’च्या मंडळींना २०२४ मध्ये २४ लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली.

तरीही इम्युलेशनकडे केवळ चोरी म्हणून पाहता येत नाही, आणि हे समजायला पुण्यासारखं दुसरं गाव नाही. १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात सुरू झालं. तोवर भारतीय मूकपटांपैकी बहुतेक नष्ट झाले होते. १९३१ चा ‘आलम आरा’ हा पहिला बोलपट, त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. चित्रपट तयार होत होते तेव्हा ते जपून ठेवावेत असं कुणाला वाटलं नाही, कारण तो धंद्याचा माल होता. खेळांचं तेच होत आहे. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा २०१० पूर्वी तिथे निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात विकतच मिळत नाहीत असं दिसलं. म्हणजे पैसे द्यायची तयारी असली तरी घेणारा नाही. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा मूळ प्रोग्रॅम तर खुद्द मेकनरकडेही नव्हता. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना कपाटात जुन्या डिस्कचं खोकं सापडलं, म्हणून तो वाचला. यंत्रंही मरतात. फॅमिकॉमच्या बदक मारायच्या खेळातली बंदूक आठवते ना? चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होई आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमके. तो चौकोन बंदुकीतल्या डोळ्याला दिसला तर नेम लागला. ही सगळी करामत जुन्या पिक्चर ट्यूबच्या वेळेला बांधलेली होती. आजच्या सपाट टीव्हीवर ती बंदूक म्हणजे नुसतं प्लास्टिक.

प्रती जपण्याचं आणि पारखण्याचं शास्त्र पुण्यानं जगाला शिकवलं आहे. भांडारकर संस्थेनं १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचं काम हाती घेतलं. विष्णु सीताराम सुकथनकर यांच्यासारख्या विद्वानांनी त्यात आयुष्य घातलं. १,२५९ हस्तलिखितं ताडून पाहिली गेली आणि १९६६ मध्ये ते काम पुरं झालं. त्यातलं एकही हस्तलिखित व्यासांच्या हातचं नव्हतं. सगळ्या प्रतींच्या प्रती होत्या. कुठे भर घातलेली, कुठे गाळलेली, कुठे लेखनिकाची चूक. आज जगभरचे इम्युलेशनवाले नेमकं हेच करतात. एकाच खेळाच्या अनेक कॅसेटी मिळवायच्या, आतला मजकूर वाचायचा, ताडून पाहायचा, कुणी काय बदललं ते टिपायचं आणि शुद्ध प्रत ठरवायची. या कामात आपली ती ९९९९ वाली कॅसेटसुद्धा एक पाठभेद म्हणून नोंदली जाते.

मग आता हिशेब काय निघतो? कंपन्यांचे पैसे बुडाले असं म्हणावं तर, आमच्या घरांतून ते पैसे येणारच नव्हते. पण नावं बुडाली. एखादा खेळ माणसं तयार करतात, त्यांना नावं असतात, ते पोट भरण्याचं काम असू शकतं, ही जाणीवच आमच्या पिढीला झाली नाही. खेळ हा आमच्या लेखी बाजारातून येणारा माल होता, खारे दाणे यावेत तसा.

हा प्रश्न आता दूरचा राहिलेला नाही. २००८ मध्ये उबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीनं गेमलॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ घेतला. २०२० च्या सप्टेंबरमध्ये जाहीर झालं, की ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या २००३ च्या अवताराला नवं रूप देण्याचं काम पुणे आणि मुंबईचे स्टुडिओ करत आहेत. ज्या शहरात हा राजपुत्र उचकटलेल्या फ्लॉपीवरून धावला, तिथेच तो नव्यानं घडत होता. २०२२ च्या मे महिन्यात ते काम कॅनडातल्या मॉन्ट्रियलकडे देण्यात आलं. इथे नावाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. खेळ पुरा होण्याआधी ज्यांचं काम संपतं त्यांची नावं श्रेयनामावलीत घ्यायची की नाही, याबद्दल या धंद्यात एकमत नाही. २०२१ च्या ‘मेट्रॉइड ड्रेड’ या खेळात ठरावीक मुदतीपेक्षा कमी काम केलेल्यांची नावं गाळली गेली, तेव्हा त्यावर बरीच टीका झाली होती. आपल्या ओळखीतली, शेजारची मुलं आता या कामात आहेत. सुपरगेमिंग ही पुण्यातलीच कंपनी. तिचा ‘इंडस’ हा खेळ २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये निघाला. त्याआधी जपानच्या बंदाई नाम्कोच्या अधिकृत मोबाइल ‘पॅक-मॅन’मागची तांत्रिक व्यवस्थाही तिनं पुरवली. तोरू इवातानी यांचा १९८० चा पॅक-मॅन आमच्या प्रत्येक पिवळ्या कॅसेटमध्ये होता, अर्थात नावाशिवाय.

तेव्हा माझं श्रोत्यांना सांगणं थोडकं आहे. जो खेळ आज विकत मिळतो, त्याची नकली प्रत घेऊ नका. अठरा हजारांची सबब आता उरलेली नाही, आणि बुडतो तो पगार कदाचित आपल्याच सोसायटीतल्या कुणाचा असेल. जो खेळ कुठेच मिळत नाही, त्याची प्रत मात्र जपा. माळ्यावर जुन्या कॅसेटी पडल्या असतील तर भंगारात देऊ नका. त्यांच्यावर एक कागद चिकटवा आणि लिहा: आत कोणते खेळ आहेत, कॅसेट कुठल्या साली, कुठून घेतली. आणि घरातली मुलं मोबाइलवर खेळत असतील तेव्हा कधीतरी त्यांना त्या खेळाची श्रेयनामावली उघडून दाखवायला सांगा. ती बहुधा सेटिंगमध्ये अगदी तळाला असते. खाली सरकत जा. नावं बरीच असतात, आणि त्यात मराठी आडनावंही सापडतात.